पुनर्वसन समुपदेशकांची महाराष्ट्र शाखा सांगलीतून काढायची आहे, नोंदणी आणि सभासदत्वाबद्दल सल्ला हवा

मिरजेची_समुपदेशक

नमस्कार मंडळी. मी मिरजेत पुनर्वसन समुपदेशक म्हणून काम करते. आरसीआयच्या, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेच्या, केंद्रीय नोंदवहीत माझं नाव आहे. अपघातात किंवा आजारात हात, पाय, नजर गेलेल्या माणसाला परत कामाधंद्याला लावणं, हे माझं रोजचं काम. आमच्या व्यवसायाच्या देशपातळीवरच्या संघटनेने राज्यवार शाखा काढायला परवानगी दिली आहे आणि महाराष्ट्रातून अजून कुणी हात वर केलेला नाही. सांगली, मिरज, कुपवाडचे आम्ही काही जण पुढे यायला तयार आहोत. शाखेचं कार्यालय सांगलीतच असावं असा माझा आग्रह आहे.

आग्रहाचं कारण सांगते. मिरज हे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून अथणी, विजापूर, पार सोलापूरच्या पलीकडून लोक इथे येतात. शस्त्रक्रिया चांगली होते, टाके निघतात, डिस्चार्ज कार्ड मिळतं. त्यानंतर त्या माणसाचं काय, हे मात्र कुणाच्याच खात्यात बसत नाही. कुपवाड एमआयडीसीत पॉवर प्रेसवर काम करणारा एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताला फक्त अंगठा शिल्लक होता. तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची चार बोटं गेली की कमाईची क्षमता ५० टक्के कमी झाली असं धरत. त्या हिशेबाने पैसे मिळाले, घराचं कर्ज फिटलं आणि मुलगा अंथरुणाला पाठ लावून पडून राहिला. लग्न ठरत आलं होतं, ते मोडलं. आई म्हणायची, "काम राहू दे, आधी ह्याला जेवायला तरी बसवा."

मालक माणूस चांगला होता. त्यांच्याशी बोलून मुलाला तपासणीच्या टेबलावर बसवायचं ठरलं. डाव्या हाताने व्हर्नियर, म्हणजे माप घ्यायचं साधन, धरायला तो लवकर शिकला, पण उजव्या हाताने जॉब, म्हणजे तपासायचा सुटा भाग, दाबून धरता येईना. तेल लागलेला असायचा, घसरायचा, मग वैतागून उठून जायचा. शेवटी टूलरूममधल्या फिटरने लाकडाचा व्ही-ब्लॉक, म्हणजे इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेला ठोकळा, करून दिला आणि त्याच्या खाचेत सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. आता अंगठा नुसता टेकवला तरी जॉब हलत नाही. तो अजून त्याच टेबलावर आहे आणि नव्या पोरांना माप घ्यायला शिकवतो.

ही गोष्ट माझ्या डायरीत पडून आहे. इचलकरंजीत लूमवर, शिरवळला कारखान्यात, फलटणला उसाच्या ट्रॉलीखाली कुणाचा ना कुणाचा हात जातो. तिथला समुपदेशक, असलाच तर, हे सगळं पहिल्यापासून शोधत बसतो. मला शाखा हवी आहे ती एवढ्यासाठी. सत्कार आणि स्मरणिका यांच्यासाठी नको.

दुसरं कारण कायद्याचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. पार्किन्सन, हिमोफिलिया, सिकलसेल, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या बायका, हे सगळे आता आपल्या दारात येतात. त्याच वेळी २०२१ च्या आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात वैद्यकीय समाजसेवक आणि कितीतरी प्रकारचे समुपदेशक गेले, त्यांची राज्य परिषद वेगळी. एकाच हॉस्पिटलमध्ये शेजारी शेजारी बसणाऱ्या दोघींना दोन वेगळे कायदे लागू. राज्यात आपल्या बाजूने बोलायला कुणी नसलं तर उद्या आपली पदंच कुठल्या यादीत धरायची नाहीत.

आता प्रश्न. शाखेची स्वतंत्र नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे करावी, की मूळ संघटनेच्या नोंदणीखाली चालवावी? सभासद फक्त आरसीआय नंबरवाले घ्यावेत, की गावोगाव दिव्यांगांसाठी झटणारे, पण नंबर नसलेले कार्यकर्तेही? आणि पदं कशी वाटावीत, म्हणजे दोन वर्षांनी सगळं पुण्या-मुंबईकडे जाणार नाही? ज्यांनी अशी शाखा काढली आहे किंवा बुडताना पाहिली आहे, त्यांनी मोकळेपणाने लिहा.


हिशेबनीस_कोथरूड

ताई, मी समुपदेशक नाही. एका वैद्यकीय व्यावसायिकांच्या संघटनेचा खजिनदार होतो, तिच्या राज्य शाखेची कागदपत्रं माझ्या हातून गेली, म्हणून लिहितो.

स्वतंत्र नोंदणी करायची म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात. घटना, नियमावली, सातही जणांचे ओळखपत्र आणि पत्त्याचे पुरावे, कार्यालयाच्या जागामालकाचं संमतीपत्र, आणि तुमच्या बाबतीत मूळ संघटनेचं नाव वापरायला तिचं लेखी संमतीपत्र. संस्था नोंदली गेली की आपल्या राज्यात काम तिथे संपत नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली तीन महिन्यांच्या आत न्यास म्हणूनही नोंद करावी लागते, तेव्हा एफ नंबर, म्हणजे न्यासाचा नोंदणी क्रमांक, पडतो. सांगलीत सहायक धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथेच हे होईल.

खरी कसोटी पुढे लागते. दरवर्षी ऑडिट, आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत कलम २२ चा बदल अर्ज. बहुतेक संस्था इथेच मार खातात. निवडणूक होते, हार-तुरे होतात, बदल अर्ज कुणीच भरत नाही. मग पाच-सहा वर्षांनी बँक सही बदलायला अद्ययावत परिशिष्ट, म्हणजे धर्मादाय कार्यालयातली पदाधिकाऱ्यांची यादी, मागते आणि त्यात ज्यांची नावं असतात त्यातला एक वारलेला असतो, एक मुलाकडे परदेशी गेलेला असतो.

त्यामुळे माझा सल्ला, पहिली दोन वर्षं मूळ संघटनेच्या नोंदणीखाली तदर्थ समिती म्हणून चालवा. खातं त्यांच्या पॅनवर, त्यांच्या ठरावाने, तुमच्या दोन सह्यांनी. पावतीपुस्तक त्यांच्याकडून क्रमांक घालून घ्या आणि हिशेब मार्चअखेर त्यांना पाठवा. सभासद टिकतात असं दिसलं तरच स्वतंत्र नोंदणीच्या मागे लागा. मात्र वर्गणीतला किती हिस्सा वर जाणार आणि किती शाखेकडे राहणार, हे पहिल्याच दिवशी कागदावर घ्या. तोंडी ठरलेल्या हिश्श्यावरून भांडून फुटलेल्या शाखा मी बघितल्यात.

सभासदत्वाबद्दल एकच. १९९२ च्या आरसीआय कायद्याच्या कलम १३ प्रमाणे, नोंदवहीत नाव नसताना दिव्यांगांच्या पुनर्वसनाचा व्यवसाय करणं गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. तुमच्या संघटनेने नंबर नसलेल्याला समुपदेशक म्हणून ओळखपत्र दिलं तर तो कागद तुमच्यावरच उलटेल. घ्यायचे असतील तर सहयोगी सभासद म्हणून घ्या, आणि ओळखपत्रावर तसं स्पष्ट छापा.


कराडकर_जुने

बाई, तुमचं लिहिणं वाचून बरं वाटलं. माझं सगळं आयुष्य याच कामात गेलं, साताऱ्यात आणि नंतर कराडात. आता निवृत्त आहे.

अशी शाखा काढायचा एक प्रयत्न मी जवळून पाहिलाय. पहिली सभा पुण्यात, दुसरी पुण्यात, तिसरीही पुण्यातच. अध्यक्ष कॉलेजचे, सचिव कॉलेजचे, विषय अभ्यासक्रमाचे. पाटणहून किंवा जावळीतून आलेला माणूस पहाटेची गाडी पकडून यायचा, मागे बसायचा, जेवण करून परत जायचा. त्याच्या केसबद्दल त्याला कुणी विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी तो आला नाही आणि तिसऱ्या वर्षी कुणीच आलं नाही. शिकवणारे लोक वाईट नव्हते. त्यांना फील्डचा वारा नव्हता एवढंच.

म्हणून घटनेतच लिहा, अध्यक्ष आणि सचिव एका महसुली विभागातले नकोत. कार्यकारिणीत प्रत्येक विभागाचा माणूस हवा आणि निम्मे तरी लोक रोज पेशंट बघणारे हवेत. एका माणसाला एका पदावर सलग दोनपेक्षा जास्त मुदती नकोत.

कार्यालय सांगलीत ठेवा, माझी हरकत नाही. बैठका मात्र कराडला घ्या. हायवेवर आहे, पुणे-मिरज रेल्वेवर आहे, कोल्हापूर, सातारा, सांगली सगळ्यांना सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाता येतं. रात्रीच्या मुक्कामाचा खर्च वाचला की माणसं येतात.

आणि नुसत्या बैठका नकोत. दर बैठकीत एक केस मांडायची, नाव-गाव काढून. मी एक देतो. सरकारी आस्थापनेतला ड्रायव्हर, अपघातात गुडघ्याखालून पाय गेला. वरिष्ठांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाइप करूनच पुढे ठेवला, सही कर म्हणाले, फंड लवकर निघेल. बायको सही करून टाका म्हणत होती, कारण पोरीची फी भरायची होती. २०१६ च्या कायद्याचं कलम २० सांगतं की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही, पदावरून खाली आणता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगाराच्या दुसऱ्या पदावर न्यायचं, जागा नसेल तर ती होईपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा, पदावर ठेवायचं. मी त्या कलमाची मराठी प्रत त्याच्या हातात दिली आणि अर्ज कसा लिहायचा ते दाखवलं. तो स्टोअरला लागला. तालुक्यातल्या किती समुपदेशकांना हे कलम पाठ आहे? तुमच्या शाखेने पहिल्या वर्षी एवढं एक कलम जिल्ह्या-जिल्ह्यात पोचवलं तरी पुष्कळ झालं.


जतचा_माणूस

ताई, मी स्वतः पोलिओचा, दोन्ही पायांत कॅलिपर. आरसीआय नंबर आहे. जत तालुक्यात फिरतो. दोन गोष्टी बोलतो, राग मानू नका.

पहिली, सभेची जागा. आपल्याच लोकांच्या कार्यक्रमाला मी गेलोय, हॉल दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. चार पोरांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं, सगळे कौतुकाने बघत होते. मला ते नको. तळमजला, रॅम्प, आणि माणूस आत शिरेल एवढ्या दाराचा संडास बघितल्याशिवाय जागा ठरवू नका. बहिरा सभासद येणार असेल तर खुणांची भाषा करणारा दुभाष्या आधी सांगून ठेवा. हा खर्च बजेटात पहिल्या ओळीत धरा, उरलं तर बघू असं नको.

दुसरी, मतदान. जतहून कराड लांब हाय. आमच्याकडनं बस धरायची, मिरजेत उतरायचं, परत गाडी. कॅलिपरवाल्याला दिवस मोडतो. निवडणूक पोस्टाने किंवा मोबाइलवर घ्या, मग मी आलो काय नि नाही आलो काय, माझं मत धरलं जाईल.

नंबर नसलेल्या कार्यकर्त्यांना बाहेर ठेवू नका. आमच्या भागात ग्रामपंचायतीच्या दिव्यांगांसाठीच्या पाच टक्के निधीचा हिशेब मागणारी माणसं तीच हायत. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगाच्या ओळखपत्रासाठी, म्हातारीला गाडीवर मागं बसवून सिव्हिलला नेणारी पण तीच. त्यांना समुपदेशक म्हणू नका, कबूल. पण त्यांनी खबर दिल्याशिवाय माझ्यापर्यंत पेशंट येत नाही. कडबाकुट्टीत हात गेलेली एक बाई वर्षभर घरात कोंडून होती. आशाताईने सांगितलं म्हणून मला कळलं. नवरा म्हणत होता, आता हिला काय काम. आज ती एका हातानं शेळ्या बघते आणि बचत गटाचं रजिस्टर लिहिते. लिहायला तिला मी शिकवलं, पण तिच्या घरापर्यंत मला आशाताईनं नेलं.


सातासमुद्रापारची_साताराकर

ताई, मी साताऱ्याची, सध्या अमेरिकेत पुनर्वसन समुपदेशनातच आहे. इथली रचना थोडी सांगते, म्हणजे तुम्हाला त्यातलं काय उचलायचं ते ठरवता येईल.

इथे अमेरिकन रिहॅबिलिटेशन काउन्सेलिंग असोसिएशन ही मोठ्या समुपदेशक संघटनेचा एक विभाग आहे, १९५८ पासून. दुसरी एक राष्ट्रीय संघटनाही त्याच सुमाराची. प्रमाणपत्राची परीक्षा मात्र दोघींपैकी कुणी घेत नाही, त्यासाठी १९७४ साली वेगळं मंडळ झालं. ही वाटणी फार उपयोगाची ठरली. लायक कोण हे मंडळ ठरवतं, म्हणून संघटनेला आपल्या माणसांच्या बाजूने मोकळेपणाने भांडता येतं. तुमच्याकडे नोंदणीचं काम आरसीआय करतेच, तेव्हा शाखेने प्रमाणपत्रं वाटायच्या फंदात पडू नये. सीआरईच्या, म्हणजे नोंदणी चालू ठेवायला लागणाऱ्या पुढच्या शिक्षणाच्या, गुणांसाठी कार्यशाळा घ्या, आरसीआयची मान्यता आधी घेऊन. सभासदाला त्याची गरज असतेच, त्यामुळे तो येतो.

राज्य शाखा इथे का चालतात, याचं कारण पैशाच्या वाटेत आहे. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याखाली पैशाचा मोठा वाटा केंद्राचा असला तरी माणसाला कामाला लावण्याची यंत्रणा प्रत्येक राज्याची आपापली असते. समुपदेशकांच्या जागा, पगार, एकेकाकडे किती केसेस, हे राज्यात ठरतं. म्हणून शाखेला राज्याच्या राजधानीत जाऊन भांडायला ठोस विषय असतात. महाराष्ट्रात तुमचा समोरचा माणूस कोण, हे आधी ठरवा. दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे, मंत्रालयात आता स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे, आणि २०१६ च्या कायद्याप्रमाणे राज्य सल्लागार मंडळात पुनर्वसनातल्या तज्ज्ञांना जागा आहेत. जिल्हा समितीचीही तरतूद त्यात आहे. सांगलीच्या जिल्हा समितीत एक खुर्ची मिळवणं हे पहिल्या वर्षाचं काम समजा.


मिरजेची_समुपदेशक

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही काल रात्री बसून हे सगळं मोठ्याने वाचलं.

स्वतंत्र नोंदणीचा हट्ट सोडला. हिशेबनीस काका म्हणतात तसं तदर्थ समितीनेच सुरुवात करू. वर्गणीच्या हिश्श्याचं पत्र आजच मूळ संघटनेला पाठवते, लेखी उत्तर आल्याशिवाय एकही पावती फाडणार नाही. सभासदत्वाचे दोन प्रकार ठेवू, नोंदणीकृत आणि सहयोगी. पण काका, सहयोगींना मत नाही असं जे बहुतेक घटनांत असतं ते मला पटत नाही. जतच्या दादांनी आशाताईचं सांगितलं ते वाचून तर अजिबातच नाही. व्यवसायाच्या नियमांवर मत नोंदणीकृतांचं, आणि कुठल्या तालुक्यात काय काम घ्यायचं यावर मत सगळ्यांचं, अशी मांडणी कायद्यात बसते का, तेवढं कृपा करून सांगा.

दादा, राग कसला. मिरजेतली एक जागा आम्ही जवळजवळ नक्की केली होती, तिला तीन पायऱ्या आहेत. ती रद्द केली. कराडच्या जागेचे दार आणि संडास टेप घेऊन मोजणार, मगच कळवणार. मतदान मोबाइलवर घ्यायचं, हे घटनेच्या मसुद्यात घातलं आहे. दुभाष्याचा खर्च बजेटात वर घेतला.

कराडकर काका, विभागवार पदं आणि सलग दोन मुदतींचं कलम तुमच्या शब्दांतच घेतलं आहे. अध्यक्षपद पहिल्या मुदतीला आम्ही सांगलीवाले घेणार नाही. विदर्भातून किंवा मराठवाड्यातून रोज पेशंट बघणारं कुणी तयार असेल तर नाव सुचवा. गडचिरोली, धाराशिव, नंदुरबारकडचे समुपदेशक हे वाचत असतील तर त्यांनी इथेच लिहावं. आम्हाला त्या भागात कोण काम करतं हेसुद्धा माहीत नाही, आणि राज्य शाखा म्हणवून घ्यायचं तर हे चालणार नाही.

साताऱ्याच्या ताई, सांगलीच्या जिल्हा समितीबद्दल मी इथल्या दिव्यांग कल्याणच्या कार्यालयात चौकशी करते.

पहिली बैठक साखर कारखान्यांची धुराडी पेटायच्या आत घ्यायची आहे. गाळप सुरू झालं की ट्रॉल्यांचे अपघात वाढतात आणि आपल्यापैकी कुणाला मान वर करायला सवड मिळत नाही. येताना आरसीआय प्रमाणपत्राची झेरॉक्स, दोन फोटो आणि एक केस लिहून आणा, एक पान पुरे. माणसाचं नाव, गाव, कारखाना काही नको. काय गेलं होतं, काय उरलं होतं, कुठलं काम जमलं आणि त्यासाठी कशात काय बदल केला, एवढंच. कडबाकुट्टी, प्रेस, लूम, फवारणी, मणक्याला मार, या विषयांवर पानं आली तर आधी ती वाचू. ज्यांना येता येणार नाही त्यांनी पान माझ्याकडे पाठवलं तरी चालेल, मी बैठकीत वाचून दाखवीन.


हिशेबनीस_कोथरूड

ताई, मताच्या दोन पातळ्या नियमावलीत घालता येतात, अडचण नाही. फक्त कुठले विषय कुठल्या पातळीवर जातात त्याची यादी नियमावलीतच द्या, अध्यक्षांच्या मर्जीवर सोडू नका. मसुदा झाला की पाठवा, भाषा तपासून देतो. आणि इतिवृत्ताची वही पहिल्या बैठकीपासूनच ठेवा, पानांवर छापील क्रमांक असलेली घ्या.